समुपदेशक कॉलेजातच हवा, फोनवरही तोच हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजे सुरू झाली की नोटीस बोर्डावर समुपदेशनाच्या ॲपचा क्यूआर कोड लागतो आणि मुलांच्या मानसिक आरोग्याची सोय झाली, असे धरले जाते. मी सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. एवढ्याने भागत नाही, हे रोज पाहते म्हणून लिहीत आहे.

ऑनलाइनला माझा विरोध नाही. मुली पहिल्यांदा मन मोकळे करतात ते बहुधा फोनवरच. जत, आटपाडीकडून आलेल्या मुलीला कॉलेजच्या समुपदेशन कक्षात पाऊल टाकायचे दडपण येते, कारण तो कक्ष असतो ऑफिसला लागून, फीच्या रांगेसमोर. आत कोण गेली हे संध्याकाळपर्यंत वर्गभर होते. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. रात्री दोन वाजता त्याचा आधार मोठा वाटतो. आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर तो लावलेला आहे. सौम्य नैराश्य आणि चिंतेवर ऑनलाइन उपचार समोरासमोरच्या इतकेच उपयोगी पडतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे. मात्र सोबत मार्गदर्शन करणारे माणूस नसेल, तर ते अर्ध्यावर सोडणारे वाढतात.

पण चौघींच्या खोलीत बोलायचे कुठे? परीक्षेच्या दिवसांत एक मुलगी गच्चीच्या जिन्यात बसून समुपदेशकाशी बोलत होती. कपडे वाळत घालायला कुणी वर आले की ती नुसती 'हो, हो' म्हणायची. रेंज जाते म्हणून व्हिडिओ बंद. पलीकडच्या बाईंना वाटले असणार, पोरीला पटते आहे. इकडे तिने दोन दिवस मेसचा डबा उघडला नव्हता आणि नखे रक्त येईपर्यंत कुरतडली होती. पुढे ती कॉलेजच्या समुपदेशक मॅडमना भेटली. त्यांची नजर आधी तिच्या बोटांवर गेली आणि पहिला प्रश्न आला, "जेवलीस का?" तिच्याच संमतीने त्यांनी आईला फोन केला आणि त्याच दिवशी तिला मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. दुसऱ्या शहरात बसून बोलणाऱ्याला हे कसे जमणार? मुलगी कुठल्या वसतिगृहात राहते, वेळ आली तर कुणाला उठवायचे, हेही त्यांना ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे काम एखाद्या प्राध्यापकांच्या गळ्यात 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून पडते. माणूस कितीही चांगला असो, ज्याच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत, त्याच्याजवळ कोणती मुलगी मनातले बोलेल? मला यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

म्हणून मागणी अशी : समुपदेशक पूर्णवेळ असावा आणि शिकवण्याच्या कामापासून वेगळा असावा. त्याची खोली ऑफिसपासून दूर असावी. संध्याकाळी आणि सुट्टीत त्याच व्यक्तीशी फोनवर बोलता यावे. निकाल लागतो तेव्हा मुली गावी असतात आणि तेव्हाच त्यांना ओळखीचा आवाज हवा असतो. दर वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगायचे त्राण तेव्हा उरत नाही. जिल्ह्यातल्या कॉलेजांनी समुपदेशकाचे नाव, शिक्षण, खोली आणि वेळ प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापावी. पालकांनीही फी आणि मेसची चौकशी करतानाच हे विचारून घ्यावे.

आपली,
एक वसतिगृह रेक्टर,
विश्रामबाग, सांगली