मनूला, नव्या खोलीच्या पत्त्यावर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

खोलीचा फोटो मिळाला. बाबांना पडदे आवडले. माझी नजर मात्र खिडकीखालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर गेली. इंडक्शन आणि किटली दोन्ही त्याच्यावरच?

तो बोर्ड 6 अँपियरचा, म्हणजे 230 व्होल्टला फार तर 1380 वॉट. तुझी शेगडी एकटीच 2000 वॉटची आणि किटली 1500 ची. दोन्ही मिळून 15 अँपियर ओढतात. भिंतीतला एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच, 16 चा असेल, तर तो पडणारच नाही. तो सांभाळतो भिंतीतली जाड वायर. बोर्डाची बारीक वायर तापून मऊ झाली तरी त्याला कळत नाही. कन्व्हर्जन प्लगने जाडी पिन बारीक सॉकेटात बसते, पण सॉकेटची ताकद तेवढीच राहते.

शेगडी ओट्याजवळच्या 16 च्या सॉकेटात थेट लाव. बोर्डावर लॅपटॉप, मोबाइल, टेबललॅम्प, बस्स. त्याची वायर गुंडाळलेली किंवा गादीखाली नको, उष्णता कोंडते. एका बोर्डात दुसरा बोर्ड तर कधीच नाही.

शेगडी वापरून झाली की बटण बंद करून प्लगला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक. चटका बसला, पिन काळवंडली किंवा सॉकेट पिवळट दिसला, तर आतली पाती सैल झाली आहे. तिथे ठिणग्या पडतात. सॉकेटच बदलून घे, पिन घासून भागत नाही.

शिकवणी सुरू झाली ना! रागावू नकोस. पाचवीत असताना टेस्टरचा दिवा लागला की टाळ्या वाजवायचीस, आणि मी तुझा हात घट्ट धरून ठेवायचे. आता स्वतःच्या पगारातून शेगडी घेतलीस, आत्याला मी दोनदा सांगितलं.

किटलीची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. ती काढून दोन पिनांवर चालवू नकोस. किटलीच्या स्टीलच्या अंगात करंट उतरला तर त्याला तुझ्या हातातून जाण्याशिवाय दुसरी वाट राहत नाही. मीटरजवळ 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, आहे का, घरमालकांना विचार. असेल तर महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाब, तो लगेच पडायला हवा.

आणि मनू, ती शेगडी आजच्या आज त्या बोर्डावरून काढ. ओट्याजवळ 16 चा पॉइंट नसेल, तर मेन बोर्डापासून ओट्यापर्यंतचं अंतर मोजून कळव. अडीच एमएमची स्वतंत्र लाइन ओढायला किती वायर लागेल ते मी सांगते.

तुझी,
आई