गळ, तंगूस आणि गॅलाटिन

वेस्ट यलोस्टोन, मोंटाना
१४ जुलै

ती. आप्पा आणि आई,
सा. नमस्कार.

परवा फोन मध्येच तुटला. त्याआधी आप्पांनी तीनदा विचारलं, "मासा लागला का?" त्याचं उत्तर एका शब्दात होणारं नाही, म्हणून हे लिहितोय.

सॉल्ट लेक सिटीहून पाच-साडेपाच तास गाडी हाकून इथे पोचलो. बेत साधा होता. चार दिवस यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान बघायचं, गरम पाण्याचे फवारे, गव्यांसारखे बायसन, आणि वृषालीच्या शब्दांत "सगळ्यांची सुट्टी, तुमच्या दोघांची नव्हे". हा टोमणा माझ्या डिकीतल्या नऊ फुटी रॉडला होता. गेल्या दिवाळीत आप्पांनी चिनूला कोयनेच्या काठी गळ धरायला बसवलं, तेव्हापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही नाही. मीही त्याच्या निमित्ताने माझी हौस भागवून घेतो, खोटं कशाला बोलू.

गाव हजार-बाराशे वस्तीचं, पण फ्लायची, म्हणजे गळाला लावायच्या खोट्या किड्यांची, दुकानं तालुक्याच्या गावात कापडाची असावीत तशी. बड लिली म्हणून एकाने १९५०च्या दशकात इथे दुकान थाटलं, धरलेला मासा परत सोडायचं खूळ लोकांच्या गळी उतरवणाऱ्यांत तो होता. त्याच्या नावाचं दुकान अजून आहे. आम्ही शिरलो ते दुसऱ्याच एका दुकानात. आत भिंतभर खणांच्या पेट्या, काष्ठौषधीवाल्याकडे असतात तशा. प्रत्येक खणात हरणाच्या केसांचे, कोंबड्याच्या पिसांचे बारीक बारीक किडे, एकेक तीनेक डॉलरला. म्हणजे आपलं गांडूळ फुकट, आणि हे केसाचं गांडूळ अडीचशे रुपयांना! शिवाय गळाच्या नंबराचं उलटं गणित. आकडा वाढला की गळ लहान. चिनूने सोळा नंबरचा किडा तळहातावर घेतला तर तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा.

मी रुबाबात सांगितलं, मोंटानाचं लायसन्स घेतलंय, उद्या पहाटे पाचला मॅडिसन नदीवर जाणार. दुकानदार हसला. पहिली गोष्ट, उद्यानात राज्याचं लायसन्स चालतच नाही, उद्यानाचा परवाना वेगळा. पोराला मात्र पैसे पडणार नाहीत. दुसरी, जुलैत मॅडिसनचं पाणी तापतं. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळून मॅडिसन होते, आणि फायरहोलमध्ये कढत झरे उतरतात. इथल्या ट्राउट माशाला थंड पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की तो दमतो, अशा वेळी धरून सोडला तरी मरू शकतो. मग त्याने एका पावतीच्या पाठीवर पेन्सिलने रेघ ओढली, दोन फुल्या मारल्या आणि म्हणाला, उत्तरेला गॅलाटिन नदीवर जा. आणि पहाटे नको, ते पाणी इतकं गार की नऊ-दहापर्यंत मासा तोंड उघडत नाही. निवांत नाश्ता करून निघा.

आप्पा, मला तुमचीच आठवण झाली. "त्या डोहात जाऊ नकोस, वरचं पाणी सुटलंय", हे तुम्ही सांगता ना, तेच. किडे मी दहा घेतले असतील, पण पैसे वसूल झाले ते त्या दोन फुल्यांवर.

निघण्याआधी त्याने पक्कड घेऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून दिला. उद्यानात काट्याचा गळ चालत नाही, शिशाची गोळी नाही, गांडूळ नाही. मरळीसाठी बेडकाचं पिल्लू लावतात असं चिनू त्याला सांगायला लागला, तेव्हा मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी वृषाली आणि सई थर्मास घेऊन काठावरच्या ओंडक्यावर बसल्या. पाणी गुडघ्याएवढं, तळाचा खडान् खडा दिसणारं, आणि पायाला चावणारं. तास-दीड तास माझी दोरी झुडपात. गंमत अशी, की किडा पाण्यावर नुसता पडून चालत नाही, तो पाण्याच्या चालीनेच वाहायला हवा. दोरीने जराही ओढला की मासा फिरकत नाही. चिनूने मात्र जवळच, दगडामागच्या संथ पाण्यात टाकला. तोंड दिसलं, किडा गायब. टिचभर व्हाइटफिश! इथले शौकीन त्याला नाकं मुरडतात, पण तो इथला मूळचा मासा. पोराने हात ओले करून तो सोडवला, परत पाण्यात धरला, आणि शेपटीचा फटका देऊन तो गेला.

आई, तू काय म्हणणार मला माहीत आहे. "सोडायचाच होता तर धरला कशाला?" वृषालीही अगदी हेच म्हणाली. आणि गंमत ऐक, याच उद्यानातल्या यलोस्टोन तळ्यात बाहेरून आलेला लेक ट्राउट सापडला तर सोडायचा नाही, मारायचाच, असा नियम आहे. तो तिथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटला खाऊन संपवत होता.

नंतर मॅडिसन जंक्शनला दोन्ही नद्या मिळतात ते पाहिलं. प्रीतिसंगमासारख्या समोरासमोर भिडत नाहीत, गुपचूप एक होतात. आपली कोयना कराडला नाव टाकते आणि कृष्णा पुढे जाते. इथे दोघींनी नाव टाकलं.

काल क्वेक लेकलाही गेलो होतो. १७ ऑगस्ट १९५९ च्या रात्री भूकंप झाला, आख्खा डोंगर मॅडिसनमध्ये उतरला, २८ माणसं गेली आणि नदी अडून तळं झालं. पाण्यात अजून वाळलेली झाडं उभी आहेत. मला तुमचा १९६७ चा डिसेंबर आठवला, ती कोयनेची रात्र, आजी सगळ्यांना अंगणात घेऊन बसली होती ती. मुलांना सांगितलं. सई बराच वेळ झाडांकडे बघत राहिली.

गुरुवारी निघायच्या आधी दोन तास मिळालेत, वृषालीने स्वतःहून दिले. चिनू विचारतोय, मरळीसाठी तंगूसला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, तुम्ही गाठ मारता तिला वेढे पाच की सहा? त्याची सुटली. आधी त्या दुकानदाराला दाखवायची आहे म्हणे.

तुमचा,
संदीप