पावसाळ्यात मूळ चित्रे लावू नका

महोदय,

बाबूराव पेंटरांनी सिनेमाची पोस्टर्स रंगवली त्या कोल्हापुरात कथांसोबत छापली जाणारी चित्रे, मुखपृष्ठे आणि पोस्टर्स यांचे स्वतंत्र कलादालन हवेच. मात्र वर्षाचे वेळापत्रक कागदाची प्रकृती पाहून आखावे. जलरंगातील मूळ चित्रे हिवाळ्यात लावावीत. उजेड 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचे माप), मुदत फार तर 3 महिने. उडालेला रंग परत येत नाही. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत कागद फुगतो, बुरशी धरते. तेव्हा छापील अंक, छपाईचे जुने ब्लॉक मांडावेत. चित्र काचेला टेकले तर रंग काचेला चिकटतो, म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवा. आणि सेलोटेप कदापि नको! तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा डाग कायमचा राहतो. चित्र पुठ्ठ्यावर बसवायला जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला चिकटवाव्यात.

– एक कलाप्रेमी वाचक, कोल्हापूर