न आलेल्या पिल्लाबद्दल, आभार

प्रिय ताई,

तुमच्या आई मागच्या महिन्यात सानंद संस्थेच्या नाटकाला भेटल्या. "तिला आभारबिभार मानून घ्यायला आवडत नाही, त्यापेक्षा जीरावन मसाल्याची पुडी पाठवा," असं म्हणाल्या. पुडी पाठवली आहे. तरीही पत्र लिहितो आहे, आणि चारचौघांत लिहितो आहे. आमच्या घरात जे होता होता राहिलं, ते आज आपल्या इंदुरातल्या आणखी कुठल्या तरी घरात चाललं असेल.

आमची मांजर बोकी गेल्यावर चिन्मय दोन महिने जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला बघायचा. ती तिथे बसायची. मग एक दिवस त्याने मोबाईल पुढे केला. त्यात सोफ्यावर बसलेलं सर्व्हलचं, म्हणजे आफ्रिकेतल्या रानमांजराचं, पिल्लू होतं. पिवळसर अंग, काळे ठिपके, डोक्यापेक्षा मोठे वाटणारे कान. विकणारा म्हणत होता, हाताने दूध पाजून वाढवलंय, कागदपत्रं चोख आहेत. मी पंचवीस हजार रुपये इसार देऊन मोकळा झालो. सतरा वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू दिसलं, तेव्हा दुसरा विचार सुचलाच नाही. ही माझी चूक होती.

कोणीतरी सांगितलं, रामबागेतल्या काकूंची मुलगी मिनेसोटात अशाच सुटका केलेल्या रानमांजरांच्या अनाथालयात सेवेला जाते, तिला विचारा. मी विचारलं ते खायला काय घालायचं, एवढंच. तुम्ही उत्तरात लिहिलंत, "मुलालाच बोलू दे माझ्याशी."

व्हिडिओ कॉल लागला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तुमच्याकडे सकाळचे नऊ. तुमच्या मागे बर्फ, आणि त्या बर्फात आफ्रिकेच्या गवताळ रानातलं जनावर गरम केलेल्या खोलीच्या दारात पेंढ्यावर उभं. चिन्मय "काय भारी आहे!" म्हणाला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. चिमट्याने जाळीतून एक बटेर (लाव्यासारखा लहान पक्षी) आत सोडलीत आणि कॅमेरा खाली, त्याच्या पंजांवर नेलात.

ते दृश्य मी विसरू शकत नाही. त्याने बटेरीवर पंजा टाकला आणि ती निसटली. पुन्हा टाकला, पुन्हा निसटली. शेवटी दोन्ही मनगटांमध्ये दाबून, मान वाकडी करून त्याने ती तोंडात धरली. चालताना पुढचे पाय असे टाकत होता, जणू फरशी तापलेली आहे. चिन्मयने विचारलं, "त्याची नखं कुठे आहेत?" मग तुम्ही सांगितलंत. मांजराचं नख मुळासकट काढायचं म्हणजे बोटाचं टोकाचं पेरच कापावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं. सोफा फाटू नये म्हणून आधीच्या मालकाने ती कापून घेतली होती. चिन्मय स्वतःच्या बोटांकडे बघत बसला.

पुढचंही तुम्ही काही लपवलं नाहीत. नुसतं बिनहाडाचं चिकन घातल्यामुळे कॅल्शियम कमी पडून लहानपणीच त्याचं हाड मोडलं होतं. रानात हे जनावर उंदीर-घुशी हाडांसकट खातं. ते कान गवताखालची खुडबुड ऐकायला, आणि लांब पाय जागच्या जागी दोन-अडीच मीटर उसळायला. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याने काय करावं? वयात आल्यावर ते घरभर मुतून हद्द आखणार, कारण त्याची रीतच ती. मग लोक वैतागतात आणि तुमच्यासारख्यांना फोन करतात.

चिन्मय सहजासहजी ऐकणारा नाही. त्याने प्रकाश आमट्यांच्या हेमलकशाचं काढलं. "प्रकाशभाऊ बिबट्याबरोबर फिरतात, मग मी का नाही?" आमच्या प्रत्येक मराठी घरात तो फोटो पाहिलेला आहे, त्यामुळे मलाही वाटलं, आता ताई काय म्हणणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्यांच्याकडे जी पिल्लं आली त्यांची आई शिकारीत मेलेली होती. तुझ्यासाठी जे पिल्लू येतंय त्याची आई जिवंत आहे. तिच्यापासून ते विकायला म्हणून काढून घेतलंय." यावर तो काही बोलला नाही.

मग तुम्ही त्याला पलीकडच्या आवारातला पांढरा वाघ दाखवलात, तिरळा. आमच्या चिडियाघरात पांढरा वाघ बघून आम्ही कौतुकाने टाळ्या पिटत आलो. रीवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी १९५१ मध्ये पकडलेला पांढरा वाघ मोहन, त्याची स्वतःच्याच मुलीशी, राधेशी लावलेली जोडी, १९५८ मध्ये झालेले पांढरे बछडे, आणि त्यांतली १९६० मध्ये अमेरिकेला गेलेली मोहिनी. नात्यातल्या नात्यात संकर करून वाढवलेल्या त्या रंगाबरोबर डोळ्यांचा दोषही पिढ्यान् पिढ्या चालत आला. हे आमच्याच प्रांतातून गेलेलं, आणि आम्हाला ते मिनेसोटातून कळावं.

कायद्याचंही तुमच्यामुळेच कळलं. तिकडे डिसेंबर २०२२ मध्ये वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता, प्यूमा खासगीत पाळण्यावर बंदी आली, पण सर्व्हल त्या यादीत नाही, म्हणून तुमच्याकडची रांग संपत नाही. आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२३ पासून अशा परदेशी प्राण्यांची नोंद करणं बंधनकारक झालं आहे. मी विकणाऱ्याकडे नोंदीचा कागद मागितला. त्याने नंबर ब्लॉक केला. पैसे गेले ते गेले. चिन्मयने त्याच्या जाहिरातीचे सगळे स्क्रीनशॉट काढून वनविभागाला पाठवले. ते त्याने मला न विचारता केलं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

ताई, तुम्ही त्याला एकदाही रागावला नाहीत. "अजून लहान आहेस" असं म्हणाला नाहीत. रोज शेण-मूत काढायचं, मांसाचे तुकडे मोजायचे, आणि त्या सगळ्यातून सवड काढून अनोळखी पोराशी सव्वा तास बोलायचं, हे कोण करतं? मधे एकदा तो सर्व्हल जाळीशी येऊन तुमच्यावर जोरात फिस्कारला. चिन्मय दचकला. तुम्ही हसून म्हणालात, "चार वर्षं रोज फिस्कारतो. फिस्कारू दे. त्याच्या मनासारखं करायला त्याच्याकडे तेवढंच उरलंय." हात लावायला तुम्ही एकदाही गेला नाहीत.

चिन्मय आता सकाळी क्लासला जाताना कोपऱ्यावरच्या भटक्या मांजरीला वाटीभर दूध-पोळी ठेवतो. पोळी ती खात नाही, दूध पिते. घरात आणलेलं नाही. खिशातले साठवलेले तीन हजार रुपये बटेरींसाठी पाठवायचे म्हणतोय. कसे पाठवायचे ते कळवा.

आणि तो रोज विचारतो, म्हणून मीही विचारतो. थंडीत सर्व्हलचे पंजे दुखत होते, आता कसे आहेत? अजून फिस्कारतो का?

तुमचा,
चिन्मयचे बाबा
इंदूर