भाचीची शाळा सुटू न देणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून दसरा-दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, आणि पोरंही सोबत. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच हात देतो. आठवीनंतर मुलगी एकतर उसाच्या फडात, नाहीतर लग्नाच्या मांडवात. माझी भाचीही त्याच वाटेवर होती.

शाळेत दर शनिवारी येणाऱ्या कॉलेजच्या ताई, तुम्ही तिला उपदेश केला नाहीत. मागच्या बाकावर तिच्याशेजारी बसलात आणि गणित थेट हातच्याच्या वजाबाकीपासून पुन्हा घेतलंत. ती शाळेत दिसली नाही की संध्याकाळी दारात हजर! कारखान्याजवळच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीत, राहणाऱ्या माझ्या बहिणीला फोन लावून "ताई, आज तिनं स्वतः उदाहरण सोडवलं" असं सांगायचात. लेकीबद्दल शाळेतून चांगलं काही ऐकायची तिची ती पहिलीच वेळ. मला वाटतं, तिचं मन तिथेच वळलं.

अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. फॉर्म भरून देणाऱ्या गुरुजींचे आभार. आईबाप फडावर असताना तिला रोज गरम भाकरी वाढणाऱ्या शेजारच्या आजींना बहिणीचा आणि माझा साष्टांग नमस्कार.

भाची यंदा दहावीला बसतेय.