जुनी मॅग्नेशियमची चाकं चमकवायच्या आधी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या रेसिंग गाड्यांची मॅग्नेशियमची चाकं घरच्या घरी नवीकोरी कशी करायची हा लेख वाचला, या विषयाला कुणीतरी अर्धं पान दिलं याचा आनंदच झाला, पण त्यातल्या काही गोष्टी इतक्या धोक्याच्या आहेत की गप्प बसवेना. लेखात सांगितलंय की ग्राइंडरला डिस्क लावून जुना रंग आणि पांढरी पावडर (म्हणजे मॅग्नेशियमचा गंज) घासून काढा, मग आरशासारखं पॉलिश करा, वरून क्लिअर लॅकर मारा आणि गाडीला चढवा. भेगा तपासायचं नावच नाही, आणि आगीबद्दल काय तर जवळ पाण्याची बादली ठेवा!

आधी त्या बादलीबद्दल. अख्खं मॅग्नेशियमचं चाक सहज पेट घेत नाही, कारण धातू उष्णता पटकन पसरवतो, पण त्याचा बारीक भुगा एका ठिणगीने पेटतो आणि ज्या ग्राइंडरवर काल लोखंड घासलंय त्याच्यातून ठिणग्या उडणारच. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारलं की त्यातून हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही उपयोगाचा नाही, कारण मॅग्नेशियम त्या वायूतसुद्धा जळतं. धातूच्या आगीसाठीचं डी क्लासचं एक्स्टिंग्विशर लागतं, नाहीतर निदान पूर्ण कोरडी वाळू, आणि कोरडी म्हणजे खरंच कोरडी, ओल असलेली चालत नाही. 1955 साली फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत मर्सिडीज 300 एसएलआर उडून प्रेक्षकांत गेली, 80 हून जास्त माणसं गेली, त्या गाडीची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती आणि पाणी मारून ती आग विझली नाही, उलट वाढली. तिथे अख्खी बॉडी होती आणि इथे नुसतं चाक, हे मान्य, पण धातूचा स्वभाव तोच आहे ना! भुगा साचू द्यायचा नाही, साध्या व्हॅक्यूमने ओढायचा नाही आणि ओला झालेला भुगा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडून तर अजिबात ठेवायचा नाही, कारण आत हायड्रोजन तयार होत राहतो.

आता मुख्य मुद्दा. चाक चकाचक करणं वेगळं आणि रिस्टोर करणं वेगळं. मी बरीच वर्षं या चाकांवर काम करतोय आणि माझं ठाम मत आहे की पहिलं काम तपासणीचं, बाकी सगळं नंतर. मॅग्नेशियमची घनता घन सेंटीमीटरला 1.74 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची 2.7 आणि स्टीलची साधारण 7.8, म्हणजे सस्पेन्शनच्या खालचं, म्हणजे चाकांकडचं वजन कमी करायला याच्याइतका चांगला धातू सापडणं अवघड, म्हणून तर अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शर्यतीच्या गाड्यांना हॅलिब्रँडची चाकं आली, लॅम्बोर्गिनी मिउराला कॅम्पाग्नोलोची आली, सुरुवातीची मिनिलाइट चाकंही मॅग्नेशियमचीच होती. पण यातली बहुतेक चाकं ओतीव, त्यात बारीक छिद्रं राहिलेली असू शकतात आणि वारंवार ताण आला की भेग तिथूनच सुरू होते. शिवाय रेसिंग टीमवाले ही चाकं आयुष्यभर वापरायची असं धरून चालत नसत, ठरावीक वापरानंतर बदलायचे. आज तीच पन्नास-साठ वर्षं जुनी चाकं आपण घासूनपुसून पुन्हा रस्त्यावर उतरवतो, तेव्हा आत काय चाललंय ते बघायला नको का?

तपासायची पद्धत अवघड नाहीये, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी जुना रंग केमिकलने काढायचा, पण अ‍ॅसिडवाल्या केमिकलने नाही, मॅग्नेशियमला अल्कली चालते, बहुतेक अ‍ॅसिड त्याला खातात. मग डाय पेनिट्रंट टेस्ट, म्हणजे लाल डाय मारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, भेग असेल तर त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. आऱ्यांच्या मुळाशी, बोल्टच्या भोकांभोवती, टायर बसतो त्या कडेला आणि मागच्या बाजूला नीट बघा, पुढून देखणं दिसणारं चाक मागून गेलेलं असतं हे फार वेळा बघितलंय. स्टीलच्या भागासाठी वापरतात ती चुंबकीय टेस्ट इथे चालत नाही, कारण मॅग्नेशियम चुंबकाला लागतच नाही. जमलं तर एक्स-रेसुद्धा काढून घ्या, आतली छिद्रं त्यातच दिसतात.

ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून साफ करणं) करायचंच असेल तर ते टेस्टनंतर! आधी केलं तर मारामुळे भेगेची तोंडं दाबून बंद होतात आणि डाय आत शिरतच नाही, म्हणजे टेस्ट पास आणि भेग तशीच आत. आणि लोखंडी ग्रिट तर कधीच वापरू नका, स्टीलवर आधी वापरलेला माल पण नको, कारण लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि जरा ओल मिळाली की प्रत्येक कणाभोवती धातू खाल्ला जातो. स्टीलचे बुश (भोकात बसवलेल्या नळ्या) आणि नट यांच्यापाशी सगळ्यात जास्त पांढरी पावडर दिसते त्याचं कारणही हेच, दोन धातू, मध्ये ओल, आणि झिजतं ते मॅग्नेशियमच.

आरशासारख्या पॉलिशबद्दलही बोलायलाच हवं. यातल्या बऱ्याच चाकांवर मूळची क्रोमेटची (क्रोमियमच्या संयुगाची) सोनेरी-तपकिरी झाक असायची, तो शोभेचा रंग नाही, गंजापासूनचं कवच होतं. आपण ते घासून टाकतो, उघडा धातू काही दिवसांत काळवंडतो, वर लॅकर असेल तर त्याच्याखालून गंज पसरत जातो. जुनी क्रोमेट प्रक्रिया घरी करायला जाऊ नका, त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक आहे, हे काम सोय असलेल्यांकडूनच करून घ्यावं आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर. जाड पावडर कोटिंग मला रेसिंग चाकावर अजिबात पटत नाही, भट्टीच्या उष्णतेने छिद्रांतली हवा बाहेर येऊन फोड येतात आणि उद्या नवी भेग पडली तरी त्या थराखाली दिसणार नाही. रंग पातळच असू द्या, म्हणजे पुन्हा काढून पुन्हा तपासता येतं.

आणि हो, चाक मॅग्नेशियमचं आहे की अ‍ॅल्युमिनियमचं याची आधी खात्री करा. मागच्या बाजूला थोडा रंग खरवडून स्वच्छ धातूवर व्हिनेगरचा थेंब टाका, लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियमवर तसं काही होत नाही. पोर्शची प्रसिद्ध फुक्स चाकं कित्येक जण मॅग्नेशियमची समजतात, ती घडीव अ‍ॅल्युमिनियमची आहेत.

भेग सापडली की लगेच वेल्डिंगचा विचार येतो. टिग नावाच्या वेल्डिंगच्या पद्धतीने मॅग्नेशियम वेल्ड होतं, कडेचा बाहेरचा तुकडा उडाला असेल तर जाणकार माणूस भरूनही देतो, पण आऱ्याला किंवा हबजवळ भेग असेल तर ते चाक धावणाऱ्या गाडीवर पुन्हा चढवू नये. भिंतीवर लावा, नुसत्या उभ्या राहणाऱ्या शोच्या गाडीला लावा, मागे ठळक अक्षरात धावणाऱ्या गाडीसाठी नाही असं लिहा, म्हणजे पुढे दुसऱ्याच्या हाती गेलं तरी त्याला कळेल. अशी चाकं नुसता रंग मारून चांगली म्हणून विकली जातात याचा मला खरंच राग येतो, विकत घेणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे हा. घेणाऱ्यांनी रंग लावायच्या आधीचे फोटो आणि टेस्टचा रिपोर्ट मागावा, नसेल तर व्यवहारच करू नये.

पाण्याच्या बादलीची दुरुस्ती मात्र पुढच्या पुरवणीची वाट न बघता उद्याच्याच अंकात छापा ही कळकळीची विनंती, कारण लेख वाचून कुणीतरी आत्ता ग्राइंडर हातात घेतला असेल.

आपला नियमित वाचक