डोळ्याचं प्रेशर आणि तुझं ते मशीन

चि. मंदार,

पोचलास म्हणून मेसेज आला, बरं वाटलं. फोनच केला असता पण फोनवर तू "हो आई, हो आई" करतोस आणि पलीकडं कीबोर्ड वाजत असतो, म्हणून टॅबवर टाईप करायला बसलेय. सकाळी स्टेशनवर जे झालं त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलंय. हुतात्मा एक्सप्रेस सुटायला पाच मिनिटं राहिलेली आणि आपण मायलेक एवढ्याशा बाटलीवरून भांडायलोय, तो चहावालासुद्धा किटली धरून ऐकत उभा होता. जाऊ दे. तू आल्यापासून विचारत होतास ना, आई खरं सांग, ते पुस्तकं वाचायचं मशीन, ई-रीडर, वापरतेस का नुसतं कपाटात ठेवलंयस, त्याचंच सांगते.

वापरते. रोज वापरते. बाबांना विचार. सकाळी त्यांचा पेपर होईपर्यंत मी गच्चीवर उन्हात ते मशीन घेऊन बसलेली असते. फोन उन्हात काळा पडतो, याच्यावर ऊन पडलं की अक्षर उलट जास्त ठळक दिसतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी एवढे आढेवेढे घेतले नसते. आत म्हणे बारीक बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, वीज दिली की पाहिजे ते वर येतात आणि मग तिथंच थांबतात, पान बदलेपर्यंत पुढं वीज लागतच नाही. म्हणून चार्जिंग आठवडे आठवडे पुरतं. परवा रात्री लाईट गेली, बाबा मेणबत्ती शोधायले आणि मी आपली मशीनच्याच बारीक लाईटवर वाचायलेय. वन्सं आल्या होत्या, त्या म्हणाल्या वहिनी, सगळं आयुष्य पुस्तकात गेलं म्हणूनच डोळे गेले तुमचे, आता हे आणि कशाला. मी डॉक्टरांना हे सरळ विचारलं होतं. ते म्हणाले वाचल्यानं काचबिंदू होत नाही, पाहिजे तेवढं वाचा, फक्त ड्रॉप चुकवू नका. वन्संना सांगितलं तर त्यांना पटलं नाही, पण त्यांना काय पटतं.

तुला एक मी नीट कधी सांगितलं नाही. काचबिंदू निघाला त्या तपासणीच्या आधी वर्षभर तरी मला वाचताना त्रास होत होता. अक्षर स्वच्छ दिसायचं, चष्म्याचा नंबरही फार बदलला नव्हता, पण ओळ संपली की पुढच्या ओळीचं तोंड सापडायचं नाही. एक तर तीच ओळ परत, नाहीतर मधली एक सोडून खालची. मला वाटायचं हल्ली छपाईच वाईट झालीय, प्रूफं कोण तपासतंय की नाही. मग ओळीखाली पोस्टकार्ड धरून वाचायला लागले, तात्या हिशोबाच्या वहीत धरायचे तसं. बाबांना वाटलं वय झालं. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही, कुणाला कसं कळणार. डोळ्यातलं प्रेशर निघालं २८. साधारण १० ते २१ च्या मधे पाहिजे. मग ते मशीनमधे हनुवटी ठेवून बटण दाबायचं असतं बघ, बारीक लाईट चमकली की दाबायचं, मला वाटलं माझं फार छान चाललंय, डॉक्टरांनी कागद दाखवला तर डाव्या बाजूला काळं. तिथं लाईट लागून गेल्या आणि मला पत्ताच नव्हता.

म्हणून मला तुझ्या मशीनची गोडी लागली, नाहीतर तुला माहितीय मी कसली आहे. अक्षर एवढं मोठं केलंय की ओळीत पाच सहा शब्दच बसतात. ओळ आखूड, त्यामुळं नजर फार लांब मागं यावी लागत नाही, पुढची ओळ सापडते. पान मात्र अर्ध्या मिनिटात संपतं. पोस्टकार्ड आता तुझ्या त्या काळ्या कव्हरमधे ठेवलंय, उगीच.

तक्रारी आहेत, त्या पण सांगते. पुस्तक किती राहिलं ते अंगठ्याला कळत नाही. खाली लिहून येतं ३७ टक्के. मला ३७ टक्के म्हटलं की दहावीची मुलं आठवतात. काही पुस्तकांत वाऱ्यावर, दुसऱ्याला असले शब्द फुटलेले असतात, र एकीकडं आणि य दुसरीकडं. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांचं तर विचारूच नकोस, ते पानाचं चित्रच असतं, अक्षर मोठं करायला गेलं की अर्धी ओळ पडद्याबाहेर. आणि माझ्या कपाटातली निम्म्याहून जास्त पुस्तकं ई-बुकमधे मिळतच नाहीत. अॅमेझॉननं मराठी पुस्तकं आणली तीच २०१६ च्या डिसेंबरात, त्याच्या आधी तर प्रश्नच नव्हता. नवीन बरंच आलंय, पण मला वाचायचंय ते जुनं. लेखक जाऊन ६० वर्षं झाली की ते पुस्तक सगळ्यांचं होतं, ते कुणी ना कुणी टाईप करून फुकट टाकतं. आणि लेखक हयात असला तर प्रकाशक तरी लक्ष घालतो. मधलेच अडकलेत, ना इकडचे ना तिकडचे, आणि माझं सगळं वाचन त्या मधल्यांचंच.

आणि एक. तुमचा पक्या सांगत होता, २००९ साली अॅमेझॉननं लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्यांच्याच ई-रीडरमधून, विकत घेतलेलं पुस्तक परस्पर काढून घेतलं, विकणाऱ्याकडं हक्क नव्हते म्हणून. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली, पण पुस्तक कुठलं तर ऑर्वेलचं १९८४! मला आधी चेष्टाच वाटली. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तर घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोयही त्यांनी बंद केली म्हणे. म्हणजे मी पैसे मोजते ते वाचायच्या परवानगीचे. तात्यांनी पगारातून घेतलेली पुस्तकं अजून माझ्याकडं आहेत, पिवळी पडलीत, कसर लागलीय, पण कुणी रात्रीत येऊन नेली नाहीत. शेजारच्या काकूंना वाचायला द्यायचं तर अख्खं मशीनच द्यावं लागतं, आणि त्या काकू पुस्तक परत कधी देतात तुला माहितीय.

तात्यांवरून आठवलं. लक्ष्मी-विष्णू मिलची पहिली पाळी संपवून ते आले की कपड्याला कापसाचा बारीक भुगा असायचा, तो झटकल्याशिवाय माई पुस्तकाला हात लावू द्यायची नाही. मग जेवण, मग खाटेवर पडून वाचन. रविवारी मला सायकलवर पुढं बसवून हिराचंद नेमचंद वाचनालयात न्यायचे. मी बालविभागात आणि ते पेपरच्या टेबलावर, तिथं कुणी कुणाशी बोलायचं नाही आणि मला ते फार आवडायचं. माईला लिहिता वाचता येत होतं पण ती पुस्तक हातात घ्यायची ते सगळ्यांचं जेवण झाल्यावर, चुलीपाशी.

तिच्या डोळ्याचं तुला आठवत असणारच. सगळे म्हणायचे मोतीबिंदू आहे, पिकू दे, पिकला की काढू. तेव्हा असंच म्हणायचे. ती पण म्हणायची पिकू दे. पिकायची वाट बघत वर्षं गेली आणि शाळेत शिबिर होतं तिथं नेलं तर त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, गेलेलं आता येणार नाही. मोतीबिंदू काढता येतो रे, काचबिंदूत आतली नसच वाळते. ती शिबिरातून येताना रिक्षात काही बोलली नाही, घरी आल्यावर म्हणाली पेपर कोण वाचणार आता.

तू वाचलास. सातवं लागलं होतं तुला. रोज शाळेतून आलास की दप्तर टाकून पहिला तिच्यापाशी. बाजारभाव, निधन वार्ता, टेंडर नोटीससुद्धा सोडायचा नाहीस, ती पण "पुढं वाच" म्हणायची. विधानसभेला विधासनभा म्हणालास की ती टोकायची, तीनदा म्हणायला लावायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. तुला पहिली नोकरी लागली, पुण्याला घर घेतलंस, सगळ्याचा आनंद झाला, पण कुणी विचारलं तर मी अजून पेपरचंच सांगते. तुझ्यासारखं वाचून दाखवणारं दुसरं कुणी मी बघितलं नाही.

म्हणूनच मला सकाळी राग आला. लिहायचं नाही म्हटलं होतं पण लिहितेच. शेंगाची चटणी बॅगेत ठेवताना ती बाटली हाताला लागली. लेबलवरचं अक्षर मला दिसेना म्हणून फोटो काढून मोठं केलं. डेक्सामेथासोन. ते स्टेरॉईड आहे मंदार. डोळे लाल होतात, चुरचुरतात, मित्रानं सांगितलं आणि मेडिकलवाल्यानं दिलं, आणि तू सहा महिने मनानं टाकायलास. लगेच थंड वाटतं, लाली जाते, खरंय. पण स्टेरॉईडच्या ड्रॉपनं काही जणांचं डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांचं वाढायची शक्यता जास्त. तुझी आजी, तुझी आई, अजून किती जवळचं पाहिजे? तू म्हणालास "मला दिसतंय की सगळं स्वच्छ". मला पण दिसत होतं रे. कडेचं आधी जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं, त्यामुळं माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दारूकाम बघताना स्नेहाची पोर माझ्या डावीकडं उभी होती आणि मी तिला धडकले, तू म्हणालास आई लक्ष कुठंय. लक्ष तिकडंच होतं. ती दिसलीच नाही.

आता तू म्हणशील सुरू झालं लेक्चर. झालं खरं. चौतीस वर्षांच्या माणसाला त्याच्या बॅगेतली बाटली काढून प्लॅटफॉर्मवर सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, सॉरी. बाबा पण रागावले मला, म्हणाले गाडीत बसलेल्या लेकराला तरी सोड. पण ते स्वतःच संध्याकाळी विचारत होते, तो जाईल का गं डॉक्टरकडं.

रात्री अडीच अडीचपर्यंत अमेरिकेवाल्यांचे कॉल घेतोस, मग फोन बघत पडतोस, एसीत डोळे कोरडे पडणारच. त्याला वेगळे ड्रॉप असतात, साधे, पण ते पण डॉक्टरांनाच देऊ दे. जेवतोस कधी, झोपतोस कधी, त्यात मी पडत नाही. पडतेय खरं तर. असू दे.

तर, डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, चष्म्याच्या दुकानात नाही. तिथं नुसता नंबर काढतात. घरात काचबिंदू आहे हे आधी सांग, ती बाटली सोबत ने, किती महिने टाकलं ते खरं सांग. प्रेशर बघतीलच, पण नस पण बघा म्हणावं, कारण काहींचं प्रेशर नॉर्मल असून पण नस खराब असते. बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकला तर चार पाच तास जवळचं धूसर दिसतं, त्या दिवशी गाडी चालवू नकोस आणि कॉल ठेवू नकोस. माझं ड्रॉपनं १५ वर आलंय. वेळेत कळलं तर एवढंच असतं, रोज रात्री एक थेंब. माईला तो थेंब कुणी दिला नाही.

मशीनचं राहिलंच. त्याचं अकाउंट तुझ्या नावावर आहे, म्हणजे मी काय घेते ते तुला दिसत असणार. मधे एक दोन प्रेमाच्या कादंबऱ्या घेतल्यात, बाबांना सांगू नकोस. आणि ते आपोआप पुढचं पुस्तक सुचवतं ते बंद कसं करायचं? मी एकदा मधुमेहाचं घेतलं बाबांसाठी तर आता मला रोज कारल्याची पुस्तकं दाखवायलंय.

कपाटं मी हलवणार नाहीये, तू ते मोकळं करायचं काढलं होतंस. मधलं पुसून ठेवलं आज, नळ आला होता त्यामुळं पाणी होतं. तात्यांची पुस्तकं खालच्या कप्प्यात आहेत, माईचं हरिविजय पण तिथंच. तुला पाहिजे ते ने, पण पुढच्या वेळी, आता नाही.

सोमवारी जमेल का बघ. सोमवार नाही तर मंगळवार. सुट्टी मिळत नसेल तर शनिवारी पण उघडे असतात बरेच डॉक्टर. कागद मिळाला की व्हॉट्सअॅपवर टाक, फोटो सरळ काढ, मागच्या वेळी विम्याचा तिरका काढला होतास, मला निम्मा वाचता आला नाही.

आई

ता.क. कडक भाकऱ्या वरच्या डब्यात आहेत, खालच्यात धपाटे, ते आधी संपव. आणि ती बाटली माझ्याकडंच राहिलीय, तू चिडून ठेवून गेलास, म्हणजे डॉक्टरांना दाखवायला तुझ्याकडं नाही. लेबलचा फोटो पाठवलाय, तोच दाखव. तसलीच नवीन घेऊ नकोस.